फोनची वही

आणीबाणीत, जून १९७५ ते जानेवारी १९७७ या काळात, मी कृष्णाकाठच्या एका जिल्ह्याच्या गावी चार पानी मराठी दैनिकात उपसंपादक होतो. नेहमीच्या कामाखेरीज माझ्याकडे एक जादा काम आले होते. सेन्सॉरचे काम ज्या सरकारी अधिकाऱ्याकडे सोपवले होते त्यांचा फोन आला, की तो मी घ्यायचा आणि त्यांनी सांगितलेले एका वहीत उतरवून ठेवायचे. वही शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, शाळकरी मुलांच्या दप्तरात असते तशी होती. संपादकांनी, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणत असू, ती स्वतः आणून दिली आणि तारीख, वेळ, निरोप आणि सही असे चार रकाने आखायला सांगितले. चौथा रकाना साहेबांच्या सहीसाठी होता. तो शेवटपर्यंत कोरा राहिला.

त्या काळातील वृत्तपत्रांविषयी लिहिताना बहुतेक जण मुंबई-दिल्लीच्या मोठ्या पत्रांविषयी लिहितात आणि ते योग्यही आहे, कारण लढणारे जे थोडे होते ते बहुतेक तिथेच होते. जिल्ह्याच्या गावातील लहान पत्राचे काय झाले, ते रोज रात्री कोणत्या वाटेने जात होते, हे मात्र फारसे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. मी त्या वाटेवरून सायकलने जात असे, म्हणून हे लिहितो.

गुरुवार, २६ जूनचा आमचा अंक नेहमीप्रमाणे पहाटे छापून एस.टी.ने तालुक्यांना रवाना झाला होता आणि त्यात आणीबाणी हा शब्दही नव्हता. सकाळी आठच्या सुमारास आकाशवाणीवरून इंदिरा गांधींचा आवाज ऐकू आला. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचे कारण नाही, असे त्या सांगत होत्या. आदल्या रात्री दिल्लीच्या बहादूरशहा जफर मार्गावरील छापखान्यांची वीज तोडण्यात आली होती, हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी समजले. आमची वीज कोणी तोडली नाही. आमच्या गावातील वीज आपण होऊनच जात असे, तिला हुकूमशाहीची गरज नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी कार्यालयात पहिला फोन आला. भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांतील ४८ व्या नियमाखाली वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लागू झाली असून, अटका, निदर्शने आणि आणीबाणी यांविषयीचा कोणताही मजकूर दाखवल्याशिवाय छापू नये, असा निरोप होता. तात्यांनी नम्रपणे विचारले, की हे लेखी मिळेल काय. पलीकडून तितक्याच नम्रपणे उत्तर आले, की आदेश राजपत्रात आहे आणि तपशील फोनवर कळवले जातील. वहीची कल्पना तात्यांना त्या क्षणी सुचली असावी. जे लेखी मिळत नाही ते आपणच लिहून ठेवावे, उद्या कोणी विचारले तर दाखवायला काहीतरी हवे, असा त्यांचा विचार होता. ते जुने वकील होते.

त्या राजवटीला हुकूमशाही म्हणावे की नाही, यावर आजही चर्चा होते. संविधान होते, संसद भरत होती, न्यायालये उघडी होती, असे सांगितले जाते. संसद भरत होती हे खरे. पण विरोधी पक्षाच्या सभासदाने तिथे केलेले भाषण छापायचे नव्हते, तो बोलला एवढेच छापायचे होते. लोकसभेची मुदत १९७६ मध्ये दोनदा एकेका वर्षाने वाढवली गेली आणि निवडणूक पुढे गेली. मी वृत्तपत्राच्या टेबलावर बसत होतो आणि त्या टेबलावरून जे दिसत होते त्याला मराठीत दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

आता रोजच्या रात्रीविषयी. आमचा छापखाना हातजुळणीचा होता. कंपोझिटर केसमधून एकेक खिळा, म्हणजे शिशाचे अक्षर, उचलून स्टिकमध्ये ओळ जुळवत, ओळी गॅलीवर चढत, आणि गॅलीवर शाईचा रूळ फिरवून ओलसर कागदावर प्रूफ निघे. बाहेरगावच्या बातम्यांसाठी आमच्याकडे तीन मार्ग होते. मुंबईच्या वार्ताहराचा ट्रंक कॉल हा एक, संध्याकाळच्या गाडीने येणारी पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे हा दुसरा, आणि आकाशवाणीवर खास लहान वृत्तपत्रांसाठी धीम्या गतीने वाचली जाणारी हिंदी वार्तापत्रे हा तिसरा. निवेदक एकेक वाक्य दोनदा, विरामचिन्हे सांगत वाचत असे आणि मी ते शाळेतल्या शुद्धलेखनासारखे उतरवून घेत असे. पुढे फेब्रुवारी १९७६ मध्ये देशातील चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था करण्यात आली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या सहव्यवसायिकांनी फार हळहळ व्यक्त केली. आम्हाला त्याचे तितकेसे नवल वाटले नाही. आम्ही पूर्वीपासूनच सरकारच्या सांगण्यावरून शुद्धलेखन करीत होतो.

साडेसातपर्यंत साहेब कचेरीत असत, त्यानंतर घरी. प्रुफे तयार व्हायला आम्हाला साडेआठ होत, म्हणून मी बहुधा त्यांच्या घरीच जाई. प्रत्येक प्रुफाच्या दोन प्रती असत. एक त्यांच्याकडे राही आणि दुसऱ्या प्रतीवर ‘प्रसिद्धीस हरकत नाही’ असा रबरी शिक्का आणि आद्याक्षरे घेऊन मी परत येई. शिक्का होता, पण त्यावर नाव नव्हते, हुद्दा नव्हता, कार्यालयाचा उल्लेख नव्हता. प्रूफ ओले असल्याने साहेबांच्या दिवाणखान्यातील सतरंजीवर ते पसरावे लागे आणि त्यांची धाकटी मुलगी, जी त्या वेळी तिसरीत असावी, मोठ्याने मथळे वाचून दाखवी. साहेब तिला रागावत नसत. आत चहा होई. ते मराठी घेऊन एम. ए. झालेले, वाचनाची आवड असलेले, सौम्य गृहस्थ होते आणि लाल पेन्सिल चालवण्यापूर्वी दर वेळी चष्मा पुसत. माझ्या मनात त्यांच्याविषयी राग नव्हता, हे मला इतक्या वर्षांनंतरही सांगावेसे वाटते. राग असता तर पुढच्या बऱ्याच गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या.

लोकमान्यांच्या पुण्यतिथीचा प्रसंग माझ्या चांगला लक्षात आहे. १ ऑगस्टच्या अंकासाठी तात्यांनी टिळकांवर दीड कॉलमाचा लेख लिहिला होता. त्यात ताजे असे काही नव्हते. १८९७ मधील ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा केसरीतील अग्रलेख, १९०८ चा खटला, सहा वर्षांची शिक्षा, मंडाले, हे शाळेच्या पुस्तकात असते तेवढेच होते. साहेबांनी तो लेख मन लावून वाचला, एके ठिकाणी मान डोलावली, आणि मग अग्रलेखाच्या नावावर पेन्सिल फिरवली.

“साहेब, हे इंग्रज सरकारविषयी आहे,” मी म्हणालो.

“ते मला कळत नाही असं तुम्हाला वाटतं का?” ते म्हणाले. “पण उद्या वाचणारा इंग्रजांचं सरकार कुठं आठवत बसणार?”

तात्यांनी ते ऐकून मोठ्याने हसून घेतले आणि मग बराच वेळ बोलले नाहीत. अग्रलेखाच्या जागी ‘केसरीतील एका गाजलेल्या अग्रलेखामुळे’ असे शब्द घालून लेख छापला गेला. पुढे मला समजले, की गांधी, नेहरू आणि रवींद्रनाथांची वचनेही ठिकठिकाणच्या सेन्सॉरांनी कापली होती, तेव्हा लोकमान्य काही एकटे नव्हते.

कापलेल्या जागेचे काय करायचे, हा खरा व्यवसायातला प्रश्न होता. जूनच्या अखेरीस काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. इंडियन एक्स्प्रेसने २८ जूनला तसे केले होते. तात्यांच्या मनातही ते होते. पण कोरी जागा सोडू नये, हाही निरोप लगेच आला आणि माझ्या वहीत त्याची नोंद आहे. त्यामुळे चार ओळी गेल्या तर त्या जागी चार ओळी भराव्या लागत. भरण्यासाठी सरकारकडून आयते साहित्य येई: वीस कलमी कार्यक्रमातील एकेक कलम, ‘बाते कम, काम ज्यादा’ यासारख्या घोषणा, विनोबांच्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दाचा छपाईसाठी तयार ठोकळा. तात्यांना ते ठोकळे आपल्या पानात नको असत. तेव्हा आमच्या फोरमननी, म्हणजे अण्णांनी, एक तोड काढली. हातजुळणीत दोन ओळींच्या मध्ये शिशाच्या बारीक पट्ट्या घालतात, त्यांना लेड म्हणतात. एखाद्या बातमीतून चार ओळी गेल्या, तर उरलेल्या ओळींमध्ये एकेक जादा लेड घालून ते बातमी ताणून जागेवर आणत. कोरी जागा नाही, सरकारी ठोकळाही नाही. फक्त ओळी थोड्या विरळ.

महिन्याभरात एक निवृत्त शिक्षक, जे आमच्या पत्राचे जुने वर्गणीदार होते, कार्यालयात आले आणि खुर्चीवर बसता बसता म्हणाले, “काल तिसऱ्या कॉलमात वारं फार सुटलं होतं.” मला आधी समजले नाही. मग त्यांनी पिशवीतून अंक काढून दाखवला. कोणत्या बातमीत काय कापले असावे, ते ओळींच्या विरळपणावरून ताडत होते आणि नंतर पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना विचारून आपला अंदाज ताडून पाहत होते. आणखीही चार-सहा जण तसे वाचू लागले होते, असे त्यांनी सांगितले. मला त्या दिवशी फार आनंद झाला. आपल्या कामाचे दोन वाचक आहेत, एक लाल पेन्सिल घेऊन आणि दुसरे लेड मोजत, असे वाटले. आज विचार करता त्या आनंदात थोडी फसवणूकही होती, असे वाटते. वाचकाला आपण काहीतरी कळवत आहोत हे समाधान मला मिळे, पण काय कापले ते शेवटी कोणालाच कळत नसे.

वहीतील पहिल्या तीन-चार महिन्यांची पाने गच्च भरलेली आहेत. ‘अटकेतील नेत्यांची नावे व ते कुठे आहेत हे देऊ नये.’ ‘मिसाखालील (म्हणजे विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखालील) अर्जांच्या न्यायालयीन बातम्या दाखवाव्यात.’ ‘परदेशी पत्रांतील मजकूर घेऊ नये.’ ‘एस.टी. कामगारांच्या मागण्यांची बातमी आज नको, उद्या विचारावे.’ ‘पंतप्रधानांचे छायाचित्र डोळे मिटलेले असल्यास वापरू नये.’ शेवटचा निरोप वरून आला होता की साहेबांच्या स्वतःच्या काळजीतून, हे मला आजतागायत समजलेले नाही. एकदा तर रात्री अकरा वाजता फोन आला, की संध्याकाळी सांगितलेले विसरून जावे. मी तेही वहीत लिहिले: ‘संध्याकाळचे विसरावे.’

आम्ही हे सगळे का सहन केले, असा प्रश्न नंतरच्या पिढीने मला विचारला आहे. तुरुंगाची भीती होती, हे तर आहेच. पण लहान पत्राला तुरुंगापर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. न्यूजप्रिंटचा कोटा सरकारी मंजुरीवर मिळत होता. जाहिरातींत निम्म्याहून अधिक जाहिराती सरकारी आणि निमसरकारी, म्हणजे निविदा, पाटबंधारे, सहकारी संस्थांच्या सभांच्या नोटिसा अशा होत्या. त्या थांबल्या असत्या तर दोन महिन्यांत आमच्या अकरा माणसांचे पगार थांबले असते. पत्रांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी वर्गवारी दिल्लीत झाली होती, हे सत्तांतरानंतर उघड झाले. आम्ही त्यात कुठे होतो ते मला ठाऊक नाही. बहुधा कुठेच नसू.

आता डिसेंबर १९७५ विषयी, ज्यासाठी खरे तर हे सर्व लिहायला घेतले.

त्या महिन्यात कऱ्हाडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. कऱ्हाड आमच्यापासून जवळ, म्हणून आमचा वार्ताहर तिन्ही दिवस तिथे होता आणि बातम्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाकिटातून पाठवत होता. जयप्रकाश नारायण नोव्हेंबरमध्ये सुटले होते आणि मुंबईला जसलोक रुग्णालयात त्यांच्या मूत्रपिंडावर उपचार चालू होते. दुर्गाबाईंनी मंचावरून, केंद्रीय मंत्री समोर असताना, जयप्रकाशांच्या प्रकृतीस आराम पडावा म्हणून प्रार्थना करण्याचे आवाहन केले. लेखकाच्या स्वातंत्र्याविषयीही त्या स्पष्ट बोलल्या. वार्ताहराने ते सगळे लिहून पाठवले होते. त्याचे अक्षर नेहमी घाईचे, पण त्या पाकिटातील कागदावर ते वळणदार होते. त्याने ती बातमी बहुधा दोनदा लिहून काढली होती.

मी ती संपादित करायला घेतली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. साहेबांचा फोन आलेला नव्हता. संमेलनाविषयी वहीत एकही सूचना नव्हती. मी बातमी वाचली, प्रार्थनेचा परिच्छेद पुन्हा वाचला, आणि हे साहेब ठेवणार नाहीत, उगीच प्रूफ काढून, सायकल मारून, परत येऊन गॅली फोडावी लागेल, अण्णांना पुन्हा लेड घालत बसावे लागेल, रात्रीचा एक वाजेल, असा हिशेब करून तो परिच्छेद मी माझ्याच पेनने कापला. त्याला अर्धा मिनिटही लागला नाही. मनात कसलीही घालमेल झाली नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. झोपेचा हिशेब होता, भीतीचा नव्हता.

साहेबांनी त्या रात्री ते प्रूफ एकही खूण न करता शिक्का मारून परत दिले. चष्मा काढून म्हणाले, “दुर्गाबाई एवढंच बोलल्या?” मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी दुपारीच कोणाकडून तरी सगळे ऐकले असावे. तो परिच्छेद त्यांच्यासमोर गेला असता तर त्यांनी कापलाच असता की चष्मा पुसून तसाच जाऊ दिला असता, हे मला कधीच कळणार नाही, कारण मी त्यांना ती संधीच दिली नाही.

तिसऱ्या दिवशी वार्ताहर कऱ्हाडहून परतला. अंक हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि त्याने विचारले, “साहेबांनी कापलं का?” मी म्हणालो, “हो.” तो म्हणाला, “तरी म्हटलं,” आणि निघून गेला. तो आता हयात नाही.

वही उलटत गेले तर यानंतर नोंदी विरळ होत जातात. जानेवारी १९७६ मध्ये पाच, फेब्रुवारीत तीन, मार्चमध्ये एक, आणि मग सबंध पावसाळ्यात कुठे एखादी. त्या काळात बाहेर काही घडत नव्हते असे नाही. दिल्लीत तुर्कमान गेटला घरे पाडली गेली, गोळीबार झाला; दुर्गाबाईंना अटक झाली; पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकावर कारवाई झाली आणि ते न्यायालयात गेले. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये सेन्सॉरच्या विरुद्ध निकाल दिला. सर्व पत्रांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. आमच्याच राज्याच्या उच्च न्यायालयाचा, आमच्याच व्यवसायाविषयीचा हा निकाल. त्याची बातमी आमच्या पत्रात आली नाही, आणि ती देऊ नका असा फोनही आला नव्हता. ती माझ्या टेबलावर कोणी आणलीच नाही. मुंबईच्या वार्ताहराने ती सांगितली नाही, कारण त्याला ठाऊक होते की मी ती तात्यांना विचारणार नाही, आणि मी विचारली नसती कारण तात्यांनी पुन्हा बराच वेळ गप्प बसावे असे मला वाटत नव्हते. प्रत्येकाने पुढच्याचा त्रास वाचवला होता.

जून १९७६ मध्ये पवनारला ‘मैत्री’ या विनोबांच्या आश्रमाच्या मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले, कारण त्यात गोवधबंदीसाठी विनोबांनी उपोषणाचा निश्चय केल्याचे छापले होते. ही गोष्ट मला एका सर्वोदयी कार्यकर्त्याने सांगितली. ज्यांच्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दाचा ठोकळा सरकार आम्हाला फुकट पुरवत होते त्यांचेच मासिक सरकारने उचलून नेले होते. मी ते ऐकून घेतले. ठोकळा त्या आठवड्यातही अण्णांच्या कपाटात होता.

त्याच पावसाळ्यात एका खेड्यातून एक शेतकरी कार्यालयात आला. त्याच्या बायकोची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली असताना त्यालाही गाडीत घालून नेले होते आणि नसबंदीच्या उद्दिष्टात मोजले होते. गावाचे नाव, दिवस, गाडी कोणाची, हे सगळे त्याने स्वच्छ सांगितले. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक त्या वर्षी संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती त्याला कधीच मिळाली नाही, पण खेड्यात तो फरक कोणी सांगत नव्हते. मी दोन कागद भरून लिहून घेतले आणि ते खणात ठेवले. साहेबांकडे नेले नाहीत. आठवड्याने तो पुन्हा आला, धोतराच्या सोग्याने तोंड पुसत बाकावर बसला आणि त्याने विचारले, “छापून आलं का, दादा?” त्याला वाचता येत नव्हते. मी म्हणालो, “वरून आलं नाही अजून.” तो उठला, मला नमस्कार केला आणि गेला.

मे १९७७ मध्ये नव्या सरकारने न्यायमूर्ती शहा यांचा आयोग नेमला आणि ऑगस्टमध्ये प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिकाही निघाली. सूचना बहुतेक तोंडी, फोनवर दिल्या जात, हे त्या सुमारास सर्वत्र छापून येऊ लागले. तात्यांना आपली वही आठवली. ती पाठवावी, असे ते म्हणाले. आम्ही दोघे एका दुपारी ती घेऊन बसलो. पहिली चाळीस पाने त्यांनी समाधानाने वाचली. नंतरची पाने उलटताना त्यांचा हात जड होत गेला. शेवटी त्यांनी विचारले, “हे पुढं कोरं का आहे रे? मध्ये सुटी घेतली होतीस?” मी सुटी घेतली नव्हती. कोऱ्या पानांवर कोणाचा गुन्हा सिद्ध होणार आणि कोणाचा नाही, हे त्यांच्या वकिली नजरेला माझ्याआधी दिसले असावे. त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली. आम्ही ती पाठवली नाही.

त्याआधीची एक रात्र सांगायची राहिली. १८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी लोकसभा निवडणुकीची घोषणा केली आणि त्या आठवड्यात वहीतील शेवटची नोंद झाली: ‘यापुढे प्रुफे आणू नयेत.’ तात्यांनी सवयीने विचारले, की लेखी मिळेल काय. साहेब फोनवर हसले म्हणे. सुटकेचा आदेशही तोंडीच होता, त्यामुळे त्यावर आमचा विश्वास बसेना. दोन आठवडे प्रूफ न दाखवता अंक निघत होता, पण अंक अगदी पूर्वीसारखाच होता. रात्री साडेआठ वाजले की मी सायकलच्या किल्लीला हात लावीत असे.

२ फेब्रुवारीला मुंबईहून ट्रंक कॉल आला. जगजीवनराम यांनी मंत्रिमंडळाचा आणि काँग्रेसचा राजीनामा दिला होता. बहुगुणा आणि नंदिनी सत्पथी त्यांच्याबरोबर होते. तात्या परगावी गेले होते. मी बातमी लिहून काढली, दोनदा वाचली, आणि मग फोन उचलून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच स्वतः होऊन, साहेबांच्या घरचा नंबर फिरवला. त्यांना बातमी सांगितली आणि विचारले, की देऊ का.

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, “अहो, मला कशाला विचारता आता?” आवाजात राग नव्हता; ओशाळलेपण असावे, पण ते त्यांचे की माझ्या बाजूने आलेले, ते सांगता येत नाही.

मी अण्णांना जाऊन सांगितले, की दोन कॉलम, चोवीस पॉइंट, पानाच्या खालच्या अंगाला. अण्णांनी कागद वाचला. काही न बोलता ते मागच्या खोलीत गेले आणि लाकडी टाइपाची केस घेऊन आले. तो टाइप आम्ही शेवटचा १३ जून १९७५ च्या अंकाला वापरला होता, इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवणाऱ्या अलाहाबादच्या निकालासाठी. केसवर बोटभर धूळ होती. त्यांनी फुंकर मारली, अक्षरे चाचपली आणि म्हणाले, “दुसरा ‘ज’ फुटलाय. जगजीवनरामला दोन लागतात.”

मी चटकन म्हणालो, “मग ‘कृषिमंत्र्यांचा राजीनामा’ करा. तेच आहेत ते.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले, जसे साहेबांनी एकदा पाहिले होते तसे. मग त्यांनी कपाटातून एक ठोकळा काढला, तो उलटा करून त्याची लाकडी बैठक अंगठ्याने तपासली आणि खिशातून चाकू काढला. कोणता ठोकळा होता तो, हे मी विचारले नाही. अंक त्या रात्री तासभर उशिरा मशीनवर चढला आणि पहिली एस.टी. चुकली. तो अंक माझ्याकडे आहे. मथळा आठही कॉलमांवर आहे आणि त्यातला दुसरा ‘ज’ डावीकडे जरासा कललेला आहे.